अक्कांचा तानपुरा

अमानवीय अनुभव सांगणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो - "त्या दिवशी जेवला काय होतात?" अजूनही विचारतो. म्हणून माझं आधीच सांगून टाकतो. शंकरच्या घरी भाकरी-झुणका आणि कपभर चहा. बाकी काही नाही.

आणीबाणीच्या आधीची एक-दोन वर्षं. मी साताऱ्यात सरकारी कचेरीत कारकून होतो. वाचनाचं वेड होतं, आणि जे वाचलं ते आपल्याला येतं असा समजही होता. पोहण्याचं पुस्तक वाचून मी माहुलीला कृष्णेत उतरलो होतो... बाहेर आलो तो म्हशीचं शेपूट धरून. तरी अक्कल आली नाही. पुढं वाचनालयातून संगीतावरचा एक जाडजूड ग्रंथ आणला आणि पंधरा दिवसांत जाणकार झालो.

माझा मित्र शंकर आष्ट्याचा. फौजेतून परत येऊन ऊस करायचा, पण गाण्यासाठी सांगली-मिरजेला सायकल हाणत जायचा. त्यानं कळवलं, "माई गानार हायत. रविवारी सकाळी, सांगलीत. ये."

माई म्हणजे सांगलीतल्या जुन्या गायिका. त्यांची थोरली बहीण, अक्का, चाळीस वर्षं त्यांच्या मागं तानपुरा धरून बसली. अक्का गेल्या आणि माईंचं गाणं थांबलं. गायला बसलं की आवाज थरथरायचा. तीन वर्षांनी आता एकदा बसून बघायचं, नाही जमलं तर अक्कांचा तानपुरा कुणाला तरी देऊन टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. हे सगळं शंकरनं मला आष्ट्याहून सांगलीला जाताना एस.टी.त सांगितलं. मी त्याला काय सांगितलं? तानपुरा कसा वाजवतात ते!

"तुला वाजवाय येतोय?" त्यानं विचारलं.

"त्यात काय यायचंय? चार तारा. मधल्या बोटानं पहिली, तर्जनीनं उरलेल्या तीन. झालं!"

शाळेचा हॉल होता. शंभरेक माणसं जमली होती. तानपुऱ्याला माईंची शिष्या कोयनानगरहून यायची होती. तिची गाडी वाटेत बंद पडल्याचा निरोप आला. सगळे एकमेकांकडं बघायला लागले, आणि आमचा फौजी उभा राहिला.

"आवं माई, आमचा दोस्त हाय की! साताऱ्याचा. लय जानकार!"

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याला वाटलं, लाजतोय.

"वाजवता ना?" माईंनी विचारलं.

शंभर माणसांसमोर मी म्हणालो, "हो."

माईंनी स्वतः तानपुरा लावला आणि माझ्या मांडीवर दिला. हळू आवाजात म्हणाल्या, "मी पेटी घेत नाही. मला टेकायला हा एवढाच. काही झालं तरी बोट थांबवू नका."

तोडीची आलापी सुरू झाली. माईंचा आवाज थरथरत होता. मी मागून बघत होतो, त्यांचे खांदेसुद्धा थरथरत होते. आणि मी? दळण दळल्यासारखा तारा ओढत होतो. तबलजीनं एकदा माझ्याकडं असं बघितलं, की ती कृष्णेतली म्हस मला पुन्हा आठवली.

मग माईंनी गंधार लावला. त्या गंधारावर ग्रंथात दोन पानं होती, मला पाठ होती. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं... किंवा खरं असेल, पण हे नव्हतं. माझे डोळे भरून आले. चष्मा काढला, पुसला, हात मांडीवर ठेवला आणि ऐकत बसलो.

किती वेळ? सांगता येत नाही. एकदम लक्षात आलं - माझा हात मांडीवर आहे.

आणि तानपुरा वाजतोय.

माझ्यापेक्षा संथ. चार तारा, एकीनंतर एक, आणि शेवटच्या खर्जावर जरासं रेंगाळून पुन्हा पहिली. तारा हलताना दिसत होत्या. भोपळा माझ्या मांडीवर घुमत होता, पार हाडापर्यंत. भीती वाटली का? नाही हो. देवळात कुणी पूजेला बसलेलं असताना आपण चुकून गाभाऱ्यात शिरावं, तसं वाटलं. श्वाससुद्धा हळू घेत होतो. समोर माईंचे खांदे स्थिर झाले होते. आवाज सरळ वर चालला होता, कशालाही न धरता.

तबला सुरू झाला तसा मी दचकून बोट तारेवर नेलं. पुन्हा दळण.

गाणं संपल्यावर लोक पाया पडत होते. मी तोंड लपवून निघालो, तर माईंनी हाक मारली.

"मधे थोडा वेळ फार सुंदर झालं. मग तुम्ही वाजवायला लागलात."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "अक्का खर्जावर अशीच रेंगाळायची," एवढंच म्हणाल्या, आणि स्वतःच तानपुऱ्याला गवसणी घालायला लागल्या.

परतीच्या गाडीतून आष्ट्याला उतरताना शंकर म्हणाला, "गड्या, तुझा हात मांडीवर हुता. म्या बघितलाय."

"व्हय," मी म्हणालो.

नंतर ध्वनिशास्त्रावरची मिळतील ती पुस्तकं वाचली. छेडलेली तार थोड्या वेळात शांत होते, असंच सगळ्यांत आहे. सोडून दिलेली तार स्वतःची लय बदलते, असं कुठंही नाही. उत्तर मला आजही मिळालेलं नाही.

माई पुढं काही वर्षं गायल्या. प्रत्येक गाण्याआधी मला साताऱ्याला पोस्टकार्ड यायचं, मजकूर दर वेळी तोच : "तानपुऱ्याला यावे. मध्यंतरी वाजवायला शिकला असाल तर येऊ नये."

मी शेवटपर्यंत शिकलो नाही.