वरचं तुमचं, खालचं माझं

माझी एक फजिती ऐकवतो. हसलात तरी चालेल. या घरात कुणी हसल्याला बरेच दिवस झाले.

सुनंदा, माझी बायको, बुटीबोरीच्या एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायची. मी लेख लिहायचो. माझ्या कॉम्प्युटरवर 'अंतिम', 'अंतिम नवा', 'हाच अंतिम' असं फायलींचं पीक बघून ती एकदा वैतागली आणि माझं सगळं लिखाण तिनं गिट नावाच्या प्रोग्रॅममध्ये टाकलं. म्हणजे फाईल एकच, पण तिची एक प्रत माझ्या मशीनवर, एक सुनंदाच्या. आपापल्या प्रतीत बदल करायचे, सेव्ह करताना काय केलं त्याची एक ओळ लिहायची, आणि मग दोन्ही प्रती मर्ज करायच्या, म्हणजे एकत्र करायच्या. दोघांनी एकाच जागी हात घातला असेल तिथे गिट अडतं. दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडतं, मधे बरोबरच्या चिन्हांची रांग, आणि थांबतं. आता तुम्हीच ठरवा म्हणे, कोणता ठेवायचा!

मला काही केल्या हे उमजेना. शेवटी तिनं एका कागदावर लिहून माझ्या टेबलासमोर चिकटवलं : वरचं तुमचं, खालचं माझं. मला तेवढं पुरलं. आमचे बाकीचे वाद इतक्या सोप्या नियमानं मिटले असते तर काय हवं होतं?

मागच्या वर्षी ती गेली. इतवारीच्या बाजारावरचं माझं पुस्तक तसंच राहिलं. मी फाईल उघडलीच नाही. शेवटी सीताबर्डीचे माझे प्रकाशक फारच मागे लागले. आजारपणात पडल्यापडल्या तिनं या पुस्तकावर हात फिरवला होता, आणि ते सगळे बदल तिच्या लॅपटॉपमध्येच होते. मी तिच्या खुर्चीत बसलो, तिचा लॅपटॉप उघडला आणि त्यात माझी प्रत आणली. चाळीसेक ठिकाणी गाडी अडली.

मी ठरवून टाकलं. आपलं एक अक्षर ठेवायचं नाही. सगळीकडे तिचं, म्हणजे खालचं.

वरचं पुसत गेलो. सगळं तुटक, कोरडं. आपण इतकं रुक्ष लिहितो? खालचं मात्र कसं भरलेलं, ओलावा असलेलं! इतकी वर्षं हिनं हे लपवून ठेवलं होतं?

आणि मग तो परिच्छेद आला. भांड्यांच्या गल्लीतला एक म्हातारा दुकानदार. बायको गेल्यावरही रोज दोन कप चहा मागवतो. एक पितो, दुसरा समोर निवू देतो. वरच्या बाजूला काहीच नव्हतं. नुसती कोरी जागा. म्हणजे हे तिनंच घातलेलं. आपण जाणार हे कळल्यावर, मला न सांगता. ती माझ्याशीच बोलते आहे असं वाटलं. दोन दिवस मी दुसरं काही वाचलं नाही.

मग काय विचारता! बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती रडली. प्रस्तावनेत सुनंदाच्या लेखणीबद्दल दीड पान लिहिलं. प्रकाशकांना पाठवलं, तर ते म्हणाले, "सर, राग नका मानू, पण बाईंचा हात तुमच्यापेक्षा चांगला हाय. कव्हरवर त्यांचं नाव टाकू, अन् मागे हाच परिच्छेद." राग कसला? मला तर आनंदच झाला.

छपाईला देण्याआधी मी वंदना मेश्रामला बोलावलं. कारखान्यात ती सुनंदाच्या शेजारी बसायची. मर्ज बरोबर झालंय का, एवढंच तिनं बघायचं होतं. तिनं बराच वेळ बघितलं.

"भाऊजी, हे तुम्ही कोणत्या मशीनवर केलं?"

"ह्याच. हिच्या."

"मंग उलटं झालं ना सगळं. ज्या मशीनवर बसलो त्याचं वर येते, बाहेरून आणलेलं खाली. ताईनं तुम्हाले तुमच्या मशीनचं सांगितलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे ताईचं पुसलं तुम्ही. अन् आपलं आपलं ठेवलं."

तो चहाचा परिच्छेद तरी तिचाच आहे, असं मी म्हणालो. वंदनानं फाईलचा इतिहास उघडला. लिहिलाही मीच होता, आणि नंतर एकदा बसून घोटलाही मीच. सपशेल विसरलो होतो. म्हातारा मी मनानं रचला होता, तिच्या आजाराचं काहीही ठाऊक नसताना. सुनंदानं तो काढला होता. काढताना लिहिलेली तिची ओळ वंदनानं मोठ्यानं वाचली नाही. लॅपटॉप नुसता माझ्याकडे वळवला.

"असं कुणी करत नाही. उगाच रडवं. काढलं."

खरं आहे. मी वर्षभर एकच कप करतो आहे. दुसरा करावा असं एकदाही मनात आलं नाही.

गिटमधी काही जात नाही, भाऊजी, असं म्हणत वंदनानं सुनंदाचं सगळं परत आणलं. त्या कोरड्या ओळी मी पुन्हा वाचल्या. कमी शब्दांत लिहितो म्हणून लोक माझं कौतुक करायचे, ते कोणाचं होतं हे तेव्हा कळलं.

प्रकाशकांना फोन करून सगळं सांगितलं. बाकी हवं ते बदला, पण बाईंचा तो परिच्छेद काढू नका, पुस्तकाचा जीव आहे तो, असा त्यांनी हट्टच धरला. मला पुन्हा सांगावं लागलं की तो बाईंचा नाही, माझा आहे.



"असं होय," ते म्हणाले. "मंग काढला त चालते."