दोस्ताची चहाडी

कर्जतकडच्या सहादेवनं चोपन्न वर्षं एक गुपित पोटात ठेवलं, हे गावात कुणाला खरं वाटणार नाही. एरवी या गड्याच्या तोंडात तीळ भिजत नाही!

एकाहत्तरच्या लढाईत तो बंगालच्या सरहद्दीवर स्वयंपाकी होता. तळ हेरखात्याचा. आपले साहेब आणि मुक्तिवाहिनीचे साहेब तिथं नकाशे पसरून बसायचे. मुक्तिवाहिनीचा स्वयंपाकी मोफिज. दोघं एका चुलीवर रांधायचे, एका ताटात जेवायचे. पहिल्याच आठवड्यात आपल्या साहेबानं सहादेवला बाजूला घेतलं. "दोस्त आहेत, पण कान उघडे ठेव. मोफिज काय बोलतो, कुणाला भेटतो, मला सांगत जा." खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून सहादेव सांगत गेला. पण मीठ मोफिजच्या हातचंही खाल्लं होतं ना! तेच त्याला आजवर टोचत होतं.

परवा नात निकितानं मोबाईलवर मोफिजला हुडकून काढलं आणि व्हिडिओवर आजोबांसमोर उभं केलं. पांढरी दाढी, तोंडाचं बोळकं, हसू मात्र तेच. सहादेवची पाचावर धारण बसली. कबूल करावं तर दोस्ती जाणार, न करावं तर हे ओझं सरणावर न्यायचं. शेवटी मोडक्या हिंदीत त्यानं सगळं ओकून टाकलं आणि डोळे गच्च मिटले.

मोफिज खो खो हसला. "अरे, मीही आमच्या साहेबाला तुझी खबर द्यायचो! दर शुक्रवारी!"

झालं! सहादेवचं डोकंच फिरलं. "हरामखोरा! माज्या ताटात जेवून माजीच चहाडी?" आणि फोन बंद.

बायको बायडाबाई गवार मोडत ऐकत होत्या. "अवो, तुमी केली ती इमानदारी, अन् त्यानं केली ती गद्दारी व्हय? लई शाने!"

सहादेवनं मोबाईल नातीपुढं सरकवला. मग म्हणाला, "निके, लाव गं परत." मोफिज दिसताच त्यानं गुरगुरत विचारलं, काय सांगितलंस माझ्याबद्दल?

"काय सांगणार? जागेपणी तू एक अक्षर फोडलं नाहीस. झोपेत बोलायचास. बायडा, बायडा. साहेब वैतागले, दुसरं काही बोलला तर सांग म्हणाले. तू कधी बोललाच नाहीस."

निकितानं ते आजीला मराठीत सांगितलं. उभ्या संसारात या नवऱ्यानं त्यांना 'अगं ए' सोडून हाक मारली नव्हती. सहादेव मान खाली घालून गवार मोडू लागला.

बायडाबाईंनी मोबाईलपुढं पाट ओढला. "इचार गं भावजींना, आनखी काय काय म्हनत हुते. नीट सांगा म्हनावं, मला काय घाई न्हाई."