आईच्या ब्राउजरमधले शेरे

आपण हयात आहोत हे पेन्शनवाल्यांना कळवायला आईने कॉम्प्युटर लावला, तर त्यांचं पान उघडेना. तुमचा ब्राउजर जुना झाला आहे, अपडेट करा, एवढंच दिसत होतं. आईने ते मनाला लावून घेतलं. पालिकेच्या शाळेत तिने बत्तीस वर्षं शिकवलं. जुनं झालात असं तोंडावर तिला आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

बोरीवलीच्या घरात आम्ही दोघीच, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. अट एकच होती. पासवर्ड गेले तरी चालतील, ते तिच्या वहीत आहेत. अक्षरं बारीक झाली तर पुन्हा मोठी करता येतील. पण ‘स्थळं’ नावाचा फोल्डर जाता कामा नये, कारण तो गेला तर माझं लग्न कधीच होणार नाही. मी एकोणचाळीस वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून सात वर्षं ती लग्नाच्या वेबसाइटवरचे मुलगे बुकमार्क करते आहे आणि नातेवाइकांना सांगते आहे, की पोरगी कुणाला हो म्हणत नाही.

फोल्डर घालवायची आयती संधी होती, हे मी नाकारत नाही. पण हातात घेतलेलं काम मी नीट करते. आधी सगळे बुकमार्क एका फाइलमध्ये काढले आणि बरोबर उतरलेत ना हे बघायला ती उघडली. आई चहा टाकायला आत गेली होती.

प्रत्येक बुकमार्कचं नाव तिने बदललं होतं. मुलाच्या नावाच्या जागी शेरा, प्रगतिपुस्तकावर असतो तसा. ‘कॅनडा. प्रश्नच नाही.’ ‘पुणे. फार लांब.’ ‘अंधेरी. एकत्र कुटुंब, रविवारी हिला सोडणार नाहीत.’ ‘दिंडोशी. बसचा भरवसा नाही.’ ‘बोरीवली पूर्व. पूल चढावा लागेल, गुडघे.’ आम्ही पश्चिमेला राहतो. मी एकटीच हसत होते.

मग हे आलं: ‘मुलुंड. मुलगा चांगला. हिला आवडला. त्यांचा दोनदा फोन. सेंट्रल.’

तो मला चांगला आठवत होता. पाच वर्षांपूर्वी आम्ही घाटकोपरला भेटलो होतो, दोघांनाही बरं पडेल म्हणून. दोन तास बोललो. पुढचं मोठ्यांनी ठरवायचं म्हणून नंबरसुद्धा घेतले नाहीत. वेबसाइटवर आईचाच नंबर होता. घरी येऊन मी हो म्हणाले. आई म्हणाली, त्यांच्याकडून काही कळलं नाही. मी महिनाभर वाट पाहिली, आणि मग माझ्यातच काहीतरी कमी असणार असं धरून चालले. बोरीवली आणि मुलुंडच्या मध्ये नुसतं जंगल आहे, पण वेस्टर्न रेल्वेवाले सेंट्रल रेल्वेला मुलगी देताना सात वेळा विचार करतात. आईने एकदाच केला होता.

मला भयंकर राग आला. रडूही येत होतं. तरी हात काम करत राहिले. नवा ब्राउजर उतरवला, बसवला, उघडला. आई चहा घेऊन आली तेव्हा वरची बुकमार्कची पट्टी रिकामी होती. तिने कप टेबलावर ठेवला आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

‘‘गेलं सगळं?’’

हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी फाइल आत घेतली. फोल्डर जसाच्या तसा परत आला. अक्षरं दीडपट केली. आई शेजारी बसून एकेक ओळ बोट लावून वाचू लागली, काही सुटलं नाही ना बघायला. बोट मुलुंडवर आलं तेव्हा मी विचारलं, की हे मला का नाही सांगितलंस.

तिने पडद्यावरून नजर काढली नाही.

‘‘बाबा गेले होते. तू पण गेली असतीस ना गं.’’

मी त्या बुकमार्कचा शेरा उघडला आणि पुढे लिहिलं, ‘आईने कळवलं नाही.’ मग माऊस तिच्या हाताशी सरकवला.

आईने चष्मा पुसला, ती ओळ दोनदा वाचली, आणि तशीच राहू दिली.