बाजूला बसायचे दिवस

आमच्या मिशनच्या दवाखान्यात संसार सगळ्याच करत होतो, पण संसाराची पदविका फक्त विमल मासाळकडे होती.

दवाखाना बारामती-इंदापूर रस्त्यावर. मुख्य होत्या वसईच्या सिस्टर रेजिना. त्यांनी ब्याण्णव साली विमलला पुण्याला चर्चच्या संस्थेत वर्षभर शिकायला धाडलं. विवाह, कुटुंब आणि वैद्यकातली नीती, असे विषय. वर्गात चौदा जण, बहुतेक नन आणि पाद्री, आणि त्यांच्यात ही जळोचीच्या धनगरांची सून. नवरा चिंतामण म्हणाला, "लग्नाचं शिकाय पुण्याला कशाला जायाचं?" पण म्हणाला तरी वर्षभर भाकऱ्या त्यानंच थापल्या, हेही सांगितलं पाहिजे.

परीक्षेत एक प्रश्न आला होता. बाईला पुन्हा दिवस राहिले तर जिवाला धोका आहे, नवरा ऐकत नाही; सल्लागारानं काय करावं? विमलनं चार पानं लिहिली. दोघांना एकत्र बसवावं, समजूत घालावी, परस्परांचा आदर, संयम. शंभरपैकी ब्याऐंशी मार्क पडले. केसपेपर लिहिता लिहिता मी तेव्हाच म्हटलं होतं, प्रश्न घालणाऱ्यानं आमच्या शेजारचं पिंपळी गाव बघितलेलं दिसत नाही.

परत आल्यावर तिनं सात वर्षं इथंच नोकरी करण्याचं लिहून दिलं. चर्चच्या नियमानं आमच्याकडे नसबंदी होत नसे, त्यासाठी बाईला दुसरीकडे पाठवायलाही मनाई. शिकवायचं ते दिवस मोजायला. विमलनं भिंतीवर तक्ता लावला: पाळीला लाल टिकली, गर्भ राहण्याच्या धोक्याच्या दिवसांना पांढरी, बाकीच्यांना हिरवी. पांढऱ्या दिवसांत नवऱ्यानं लांब राहायचं, दोघांच्या संमतीनं.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात पिंपळीहून नकोशी आली. आईबापांना चौथीही मुलगीच झाली म्हणून हे नाव, आणि आता हिला तीन मुली. तिसरीच्या वेळी हृदयानं दगा दिला होता, कशीबशी वाचली. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता नाही. पण सासू सारजाबाईला नातू हवा होता आणि नवरा संभाजी आईच्या शब्दाबाहेर नव्हता. इंदापूरला सरकारी शिबिरात ऑपरेशन व्हायचं. तिथं नवऱ्याची सही लागायची.

विमलनं संभाजीला बोलावलं. तक्ता दाखवला. तो पांढऱ्या टिकल्यांकडे बघून हसला आणि बिडी ओढायला बाहेर गेला. चार पानी उत्तराचं तिथंच वाटोळं झालं.

त्या दिवशी विमलनं नकोशीला जे सांगितलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सारजाबाईच्या घरात देवाचे टाक होते, शिवाशीव फार कडक. पाळीचे चार दिवस नकोशी शेळ्यांच्या छपरात निजायची आणि संभाजी तिच्या सावलीलाही उभा राहायचा नाही. विमल म्हणाली, "पांढऱ्या टिकल्यांचं आठ दिसबी बाजूला बस. लागलंय म्हन. कोन बघाय येतंय?"

मला वाटलं, काय डोकं चाललं बाईचं! सहा महिने नकोशी सुखानं शेळ्यांत निजली. पण आम्हा दोघींना एक साधी गोष्ट सुचली नाही. बाजूला बसलेली बाई पाण्याला हात लावत नाही आणि चुलीजवळ जात नाही. महिन्यातले बारा दिवस सगळं काम सारजाबाईच्या गळ्यात पडलं. ती सुनेला घेऊन बारामतीला एका डॉक्टरकडे गेली. दोनदा अंगावरून जातंय म्हटल्यावर त्यानं फार काही न तपासता सांगितलं, पिशवी काढा.

वय सव्वीस, पिशवी धडधाकट. विमलची झोप उडाली. तिनं सिस्टरना आडून विचारलं, अशी एक बाई असेल तर? सिस्टर म्हणाल्या, "आजार असेल तर काढणं गैर नाही, मूल होणं थांबलं तरी. आजार नसेल तर ते धडधाकट अवयव तोडणं झालं. हे तुला मी सांगायचं का? कोण बाई?"

"पुस्तकातली," विमल म्हणाली.

नकोशीला एकटीला गाठून तिनं विनवलं, घरी खरं सांगू या. नकोशी म्हणाली, "आन् मग? फिरून घरात निजायचं? काढू द्या बाई. पोरींना आय तरी ऱ्हाईल."

दोन दिवसांनी सारजाबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आली. मी केसपेपरच्या टेबलावर होते. "बाई, तुमी शिकलेल्या हायसा. डाक्टर म्हंतोय त्ये खरं का? तुमी म्हनाल तसं करू."

"पिशवी काढल्यावर पोर व्हनार न्हाय," विमल म्हणाली.

"ठावं हाय. संभाजीला दुसरी बघू."

खरं बोललं तर नकोशी मरणार. खोटं बोललं तर चांगल्या देहावर सुरी आणि उरावर सवत. गप्प बसलं तरी सुरीच. नकोशी विमलकडे टक लावून बघत होती. मला विमलचा राग आला आणि कीवही आली.

"काढा," विमल म्हणाली.

ऑपरेशन झालं. वर्षाच्या आत सवत आली, योगिनी, अठरा वर्षांची. नकोशी शेळ्यांच्या छपरातच राहिली. आता तिला घरात निजायला कुणी बोलावत नव्हतं. आणि विमल दर बाजाराच्या दिवशी तक्त्यापुढं उभी राहून खरेपणा आणि परस्परसंमती शिकवत राहिली. सात वर्षं लिहून दिलेली. "मी हितंच कोंडलीया," ती एकदा मला म्हणाली. "मला कुनी विचारतबी न्हाय, मग सांगू कुनाला?"

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर नकोशी पुन्हा आली. बरोबर योगिनी, एक मुलगी कडेवर, एक पदराला धरून. योगिनीचे ओठ पांढरे पडले होते.

"हिलाबी दोनी पोरीच, बाई," नकोशी म्हणाली. "रगात कमी हाय, डाक्टर नगं म्हंतोय. आन् आत्याबाई तिसऱ्यापायी हटून बसल्यात. हिलाबी त्ये बाजूला बसायचं शिकवा. ह्या बारीला कुनाला कळनार न्हाय. पान्याला आन् चुलीला मी हाय की."

विमलनं उठून सिस्टरांच्या खोलीकडचं दार लावून घेतलं, आणि योगिनीला विचारलं, "पाळी कवा आलती?"