बोटभर फट

पडदा वर जातो तेव्हा दिसतं ते असं. पत्र्याचं शटर कमरेइतकं वर सरकवलेलं. त्याखालून सकाळचं ऊन आत घुसून फरशीवरच्या तेलाच्या डागांपाशी थांबलेलं. डाव्या विंगेत भिंतीवर पान्यांची रांग, लहानापासून थोरापर्यंत, शाळेच्या फोटोत मुलं उभी करतात तशी. मधोमध चार लोखंडी घोड्यांवर उचललेली निळी मोटार, बॉनेट उघडं. आणि मोटारीखालून बाहेर आलेले दोन पाय, एका पायातला मोजा उलटा.

पाय म्हणाले, "ताई, दिवा जरा डावीकडे. तुमच्या नाही, माझ्या डावीकडे."

"डावी बाजू नटाचीच धरतात, हे मला शिकवू नका, मिस्त्री," मी म्हटलं आणि दिवा सरकवला.

त्या पायांना घाई होती. गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत मी बावीस वर्षं राहते. नाटकांत काम करणं सुटल्यावर वेळ खायला उठायचा, म्हणून रोज खाली येऊन स्टुलावर बसायची सवय लागली. एवढ्या वर्षांत मिस्त्रींना घाई झालेली मी पाहिली नव्हती. गिऱ्हाइकं त्यांना चिडून 'गोगलगाय' म्हणायची आणि गाडी मात्र दुसऱ्या कुणाकडे न्यायची नाहीत.

पण येत्या रविवारी त्यांची लेक येणार होती. सहा वर्षांनी.

तिची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची. घरी एकटी कुठे ठेवायची, म्हणून शाळा सुटली की दप्तरासकट गॅरेजात. दहाव्या वर्षी ती गाडीखाली शिरली ती चोविसाव्या वर्षापर्यंत बाहेर आलीच नाही म्हणा ना. बापलेकीची कामाची वाटणी ठरलेली होती. इंजिन बापाचं, गिअरबॉक्स लेकीचा. तो वरून वाकलेला, ती खाली उताणी, मध्ये सगळी मोटार; आणि तोंडातून शब्द न काढता दोघांचं चाललेलं. गिऱ्हाइकं तिला 'धाकटे मिस्त्री' म्हणत. ही निळी मोटार त्या दोघांनी भंगारातून आणून उभी केली होती, ती सोळा वर्षांची असताना.

मग एकदा दारावरची जुनी पाटी गंजली म्हणून मिस्त्रींनी नवी रंगवून घेतली. पाटीवर दोन नावं. एक त्यांचं, दुसरं पुतण्याचं. हा पुतण्या आठ महिन्यांपूर्वी कामाला लागलेला, कुठला पाना कुठे लावायचा हेही विचारून घेणारा.

लेक रस्त्यावर उभी राहून पाटी वाचत होती. म्हणाली, "बाबा, माझं नाव?"

"अगं, तू आज ना उद्या लग्न करून जाणारच. पाटीवर कायमचं माणूस हवं."

ती भांडली नाही. नळावर गेली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, नखांतलं काळं काडीने कोरून काढलं. आठवड्याभरात दूरच्या शहरात बसच्या डेपोत नोकरी धरून निघून गेली. कायमचं माणूस दीड वर्षात टायर विकायला पळालं.

आता तिचा फोन आला होता. "बाबा, ती निळी अजून आहे? चालू असेल तर मी घेऊन जाते. मला इथे गाडी लागते."

"असेल तर म्हणजे काय! एका किल्लीत उठते," मिस्त्री म्हणाले.

चार वर्षं उभी राहून ती गाडी आतून गंजली होती. इंजिन दगडासारखं जाम. फोन ठेवून ते माझ्या जिन्यावर आले, धापा टाकत. "ताई, तिने मागितली. इतक्या वर्षांत माझ्याकडे काहीतरी मागितलं तिने!" त्यांचा चेहरा असा झाला होता की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हाती आठ दिवस होते.

भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचं इंजिन मिळालं. "डोळे झाकून न्या, मिस्त्री, जुळं आहे जुळं!" असं म्हणत त्याने ते टेम्पोत चढवून दिलं. खरंच जुळं दिसत होतं. इंजिनामागचं मोठं चाक, फ्लायव्हील, त्याने आधीच काढून विकलेलं, म्हणून मिस्त्रींनी जुन्या इंजिनावरचं लावलं. भोकं जुळली. इंजिनाचे पाय जुळले. चौथ्या दिवशी इंजिन गाडीत बसलं आणि मिस्त्री शीळ घालायला लागले.

मग गिअरबॉक्स चढवायला घेतला, आणि तो इंजिनापासून बोटभर अंतरावर थांबला.

खाली काढला, पुसला, परत वर. परत बोटभर. क्लचची प्लेट उलटी लागली का पाहिलं, सुलटीच होती. जुनी प्लेट लावून पाहिली. खुंट्या वाकड्या आहेत का पाहिलं, सरळ होत्या. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. त्या फटीतून दिव्याचा उजेड आरपार दिसायचा. तोंडाशी आलेलं वाक्य आठवू नये तशी ती मला टोचत राहायची.

"लेकीला विचारा ना," मी म्हटलं. "गिअरबॉक्स तिचा प्रांत."

"काय विचारू? चालू गाडीत इंजिन कसं बसवायचं?"

थाप मारणाऱ्याचा गळा थापेनेच आवळला जातो, हे मी रंगमंचावर शंभरदा करून दाखवलंय. खाली स्टुलावर बसून पाहणं वेगळं.

मिस्त्रींचा एक नियम होता. गिअरबॉक्स हातांनी ढकलून बसला पाहिजे. बोल्टने ओढून बसवतो तो मिस्त्री नव्हे, कसाई. हे वाक्य त्यांनी पुतण्याला इतक्यांदा ऐकवलं होतं की मलाही पाठ झालं होतं. शनिवारी दुपारी त्यांनी चार लांब बोल्ट काढले, फटीतून आरपार घातले आणि एकामागून एक आवळायला लागले.

"मिस्त्री," मी म्हटलं.

"दिवा धरा, ताई."

फट अर्धी झाली. पाव झाली. पाना शेवटच्या वेढ्याला कुरकुरला आणि 'टण्' असा आवाज आला. मोठाही नाही. कपबशी फुटावी एवढाच. गिअरबॉक्सच्या कवचाचा एक कान तुटून त्यांच्या छातीवर पडला होता आणि चीर वरपर्यंत गेली होती. ते पाय बराच वेळ हलले नाहीत. मीही दिवा तसाच धरून उभी राहिले.

रविवारी लेक आली. केस कापलेले, खांद्याला पिशवी, बापापेक्षा बोटभर उंच वाटली मला. माझ्या पाया पडायला वाकली तर मी तिला मिठीच मारली.

"आधी चहा घे," मिस्त्री म्हणाले. "गाडीचं थोडं किरकोळ राहिलंय. स्टार्टर जरा..."

ती तोवर फरशीवर बसून, उताणी होऊन गाडीखाली गेलीसुद्धा. नवा शर्ट होता. आता बाहेर तिचे पाय दिसत होते आणि मिस्त्री उभे होते, हातात दोन कप घेऊन.

खालून आवाज आला, "ओढलंत?"

मिस्त्रींनी दोन्ही कप स्टुलावर ठेवले.

"बाबा, बोल्टने ओढलंत तुम्ही?"

"बसतच नव्हता गं. सगळं करून पाहिलं."

ती बाहेर आली. चिडली नव्हती, मला तर तिच्या तोंडावर कामात रमलेल्या माणसाची चमक दिसली. "इंजिन ऑटोमॅटिक गाडीचं आहे. त्यांच्या क्रँकच्या दांड्याला मागे पुरतं भोक नसतं, लागतच नाही त्यांना. आपल्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक आत शिरायला जागाच नाही. ते टेकलं की थांबणार. काडी घालून बघितली नाहीत?"

"कसली काडी?"

ती हसली. वाटलं असेल, बाबा थट्टा करतायत. "काडी हो. भोकात काडी घालायची, नखाने खूण करायची, शाफ्टला लावून खोली बघायची. गिअरबॉक्स चढवण्याआधी. नेहमीसारखी."

"आपण असं कधी करत होतो?"

तिचं हसू जागच्या जागी राहिलं. नटीला समोरच्याने भलतंच वाक्य दिलं की होतं तसं. आणि मग ते सावकाश उतरलं.

"मी करत होते, बाबा. प्रत्येक इंजिनाला. चौदा वर्षं. तुम्ही वर असायचात. तुम्हाला... कधी दिसलंच नाही?"

नाटकात विंगेत उभं राहून कुणीतरी आपल्या हातात तलवार देतं, पत्र देतं, बाळ देतं. आपण हात मागे करतो आणि वस्तू हातात येते. मीही कधी वळून पाहिलं नाही. म्हणून मिस्त्रींना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. पण त्या मुलीला लागलं ते दुसरंच. तुटलेल्या कवचाचं तिला काहीच नव्हतं. कवच दुसरं मिळतं.

ती दुपारच्या बसने गेली. जाताना म्हणाली, "चीर सांधू नका, बाबा. कवच बदला." काळजीने म्हणाली. चहा कपात तसाच होता.

मिस्त्रींनी कवच बदललं. इंजिन पुन्हा उतरवलं, क्रँक काढून लेथवाल्याकडून भोक करून घेतलं, आत शाफ्टच्या टोकासाठी पितळी बुश बसवला. चार महिने लागले. वरचं काम त्यांनी केलं आणि खालचंही, साठीच्या पाठीने. गिअरबॉक्स हातांनी बसला तेव्हा ते ओरडले नाहीत, शीळ घातली नाही. मला म्हणाले, "ताई, खालून सगळं वेगळंच दिसतं हो. ती होती तोवर मी कधी खाली गेलोच नव्हतो."

त्यांनी लेकीला कळवलं. तिचं उत्तर आलं: आता नको, बाबा, मी इथे एक घेतली, तुम्हीच वापरा. गोड शब्दांत होतं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं, दोनदा.

त्या गाडीतून आम्ही एकदाच कुठे गेलो, ते इस्पितळात. छातीत कळ आलेली असताना ते स्वतः चालवत होते, कारण मला चालवता येत नाही. सकाळचे दहा वाजले होते. त्यांना खाटेवर घेतलं, नळ्या लावल्या. मी पिशवीतून फोन काढला आणि विचारलं, "लेकीला लावू?"

मी तेव्हाच लावायला हवा होता. लावला नाही, त्यांचं ऐकलं, दुपारी लावला, आणि ती संध्याकाळी पोचली तोवर उशीर झाला होता. ते माझ्या वाट्याचं आहे. पण त्यांनी डोळे उघडले होते, माझ्या मनगटावर हात ठेवला होता, तो तेलकट नव्हता म्हणून मला परका वाटला, आणि ते म्हणाले, "आत्ता नको, ताई. कामावर असेल ती."