सारवलेली पट्टी

सिंदेवाहीकडून मूलकडे जाताना धानाच्या बांध्यांमध्ये झुडपी जंगलाचे तुकडे लागतात. त्यांना कुणी विचारत नाही. अशाच एका तुकड्यात मी उन्हाळ्यात वन्यप्राण्यांची पाहणी करत होते. तिथं मुरमाची खाण काढायचं घाटत होतं. "जंगली जनावर हायेच कुठी? नुसत्या बकऱ्या हायेत," असं खाणवाले म्हणत. झाडांना बांधलेले माझे आपोआप फोटो काढणारे कॅमेरेही त्यांनाच सामील! फोटो सगळे गाईंचे आणि बकऱ्यांचे, काही तर भिंगाला नाक लावून काढलेले.

खाणीवर मत घेणाऱ्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी शेवटचा उपाय म्हणून मी पायवाटेवर बारीक माती चाळून पट्टी केली. रात्री जे जनावर जाईल त्याचं पाऊल तिच्यावर उमटतं. शेजारच्या झोपडीतल्या बाईंच्या बकऱ्या याच जंगलावर जगत. मी त्यांना सांगून गेले, "बाई, पट्टीकडे जरा लक्ष ठेवा. सकाळी पाहायला येते."

ऊन चढल्यावर पोचले, तर पट्टी शेणानं सारवलेली आणि भोवती रांगोळी! माझं डोकंच फिरलं. "हे काय करून ठेवलं, बाई?"

"तुमी पाहाले येनार होत्या न मॅडम. नुसती माती दिसून राह्यली होती, म्हून सांजच्याले सारवून टाकली." मग त्याच हिरमुसून म्हणाल्या, "पन रातीच कुत्रं गेलं मेलं वरून. सारं खराब केलं."

मी वाकले आणि तिथंच बसकण मारली. पुढचं पाऊल मोठं, मागचं लहान. तरस, इथल्या बोलीत तडस! सुक्या मातीत ते अर्धंमुर्धं उमटलं असतं. ओल्या शेणात नखन् नख उठलं होतं आणि आता कडक वाळलं होतं. मी बाईंना मिठीच मारली. मला ऊन लागलं असं त्यांना वाटलं.

फावड्यानं तो पोपडा अलगद उचलून घमेल्यात ठेवला. बाईंनीच तो डोक्यावरून ग्रामसभेत नेला. लोक वाकून वाकून पाहू लागले. खाणीच्या बाजूचा एकजण म्हणाला, "बाई, हे तडस तुह्या बकऱ्या नेईन, तवा रडशीन."

हा विचार मी केलाच नव्हता. 

बाईंनी पदर खोचला. "भाऊ, तडस एखादी नेईन. खान त साऱ्याच नेईन."

मग सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. खाण नको म्हणून आधी बायकांचे हात वर गेले, मागून पुरुषांचे. माझाही गेला. "मॅडम, इथी तुमचं मत नाई," शेजारी बसलेले एक गावकरी हसत म्हणाले. तरी मी तो खाली घेतला नाही.