काचेच्या कपाटातली मिठागरे

छायाचित्रांच्या पुस्तकाचा मान कसा राखावा, हा प्रश्न मला आमच्या वाचनालयात पडला. मिठागरांची छायाचित्रे काढणारे दामूकाका आपले पुस्तक पाहायला आले होते. ग्रंथपाल बाईंनी कौतुकाने काचेच्या कपाटाचे कुलूप काढले.

"काका, एवढं महागाचं पुस्तक! कुणाला बोट लावू दिलं नाही हो!"

दमट हवेने गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटली होती. काकांनी एक पान सोडवले, तेव्हा मिठागरावरच्या संध्याकाळचा रंग समोरच्या पानावरच राहिला.

"म्हणजे पाहिलं कुणीच नाही," ते म्हणाले.

उघड्या फळीवरचा मालवणी कथासंग्रह मात्र हाताळून मऊ झाला होता. काकांचे पुस्तक बाईंनी प्रेमानेच जपले होते, याचेच अधिक वाईट वाटले. आपल्या वाचनालयातले असे एखादे पुस्तक मागून घ्यावे आणि त्याची पाने सुटतात का, हे स्वतः पाहावे.